टोपीवरचा पांढरा ठिपका: जुन्या फोटोतला लष्करी बिल्ला वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टकार्डाच्या आकाराचा, साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचा जुना फोटो आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश लष्करी गणवेशात एक जण उभा आहे, डोक्यापासून बुटांपर्यंत. टोपीवर बिल्ल्याच्या जागी चांदणीसारखा पांढरा ठिपका आहे, छातीवर पदकांच्या दोन रिबनी आहेत आणि उजव्या मनगटाच्या थोडं वर, उलट्या व्ही आकाराच्या, म्हणजे टोक वरच्या बाजूला असलेल्या तीन बारीक फिकट फिती आहेत. मोबाइलने फोटो टिपून ॲपमधून मोठा केला तेव्हा बिल्ला एकदम स्वच्छ दिसायला लागला. पण तसा बिल्ला कुठल्याच पलटणीचा सापडत नाही. मग फोटो किती मोठा करायचा आणि कशाने?

तो बिल्ला सापडणार नाही, कारण तो ॲपने काढलेला आहे. अशी ॲप्स लाखो चित्रं पाहून शिकलेली असतात. ठिपका दिसला की अशा जागी सहसा काय असतं याचा अंदाज बांधून ती तिथे रेघा भरतात. चेहऱ्याच्या बाबतीत हे चटकन लक्षात येत नाही, कारण चेहरे एकमेकांसारखे असतात. बिल्ल्याचं सगळं महत्त्व मात्र तो दुसऱ्या बिल्ल्यापेक्षा वेगळा असण्यात आहे. नेमका तो वेगळेपणाच यंत्र पुसून टाकतं. ती फाइल घरच्यांना बघायला ठेवायची तर जरूर ठेवा, पण पुरावा म्हणून ती बाजूला काढा आणि तिच्यात काय दिसलं होतं तेही शक्यतो विसरा. एकदा डोळ्यांनी पाहिलेली रेघ नंतर मूळ फोटोतही दिसायला लागते. मी हे स्वतःवर अनुभवलं आहे.

आता मूळ कार्डाकडे वळू. अशा पोस्टकार्डांचे प्रिंट बहुतेक वेळा तेवढ्याच आकाराच्या निगेटिव्हवरून, कागद थेट निगेटिव्हवर दाबून धरून काढलेले असतात. मध्ये एन्लार्जरचं, म्हणजे प्रिंट मोठा करणाऱ्या यंत्राचं भिंग आलेलं नसतं, त्यामुळे तपशील आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप चांगला टिकलेला असतो. पण त्याला हद्द आहे आणि ती हिशेबाने काढता येते. उभ्या माणसाची प्रतिमा कार्डावर ११ सेंटिमीटरची असेल तर प्रमाण साधारण १५ ला १ पडतं. टोपीवरचा ४ सेंटिमीटर उंचीचा बिल्ला कार्डावर जेमतेम अडीच मिलिमीटरचा होतो. ब्रिटिश पदकाची रिबन साधारण ३२ मिलिमीटर रुंद असते, ती कार्डावर २ मिलिमीटर होते आणि तिच्यातला ३ मिलिमीटरचा पट्टा ०.२ मिलिमीटर.

स्कॅनर ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) एका मिलिमीटरमध्ये साधारण २४ पिक्सेल टिपतो, १२०० ला ४७. म्हणजे तुमचा बिल्ला १२०० डीपीआयला सव्वाशे पिक्सेल उंच मिळेल आणि रिबनीतला पट्टा नऊ-दहा पिक्सेलांचा. एवढ्यात पुष्कळ काम होतं. स्कॅनरच्या खोक्यावर ४८०० किंवा ९६०० असे आकडे छापलेले असले तरी कागदी प्रिंटसाठी त्यांच्या मागे लागू नका. तुमच्या कार्डाची हद्द कुठे आहे हे तुम्हीच तपासू शकता. बिल्ल्याचा भाग ६००, १२०० आणि २४०० ला स्कॅन करा. मग २४०० चा तुकडा लहान करून १२०० वर आणा, पुन्हा मूळ आकाराला वाढवा आणि आधीच्या २४०० शेजारी ठेवा. दोन्ही सारखेच दिसले, तर १२०० च्या पुढे तुम्ही फक्त कागदाचे तंतू मोठे करत आहात.

मूळ निगेटिव्ह हाती असेल तर गोष्ट निराळी. काचेची असो वा फिल्मची, निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त तपशील असतो, विशेषतः चकाकत्या धातूच्या भागात, आणि तिथे २४०० किंवा ३२०० ला अर्थ असतो. प्रिंटवर पांढरा फटक पडलेला बिल्ला निगेटिव्हवर दाट काळ्या डागासारखा असतो आणि त्या डागात बऱ्याचदा आकृती शिल्लक असते. जुन्या काचा त्या वेळच्या मंद कागदासाठी दाट धरलेल्या असतात, म्हणून मागून प्रकाश भरपूर द्यावा लागतो. एका प्रिंटचा फोटो, त्या फोटोचा पुन्हा प्रिंट, असा प्रवास झालेला असेल तर प्रत्येक पायरीला बारीक रेघा गळतात. आणि वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात छापलेलं चित्र असेल तर लगेच थांबा. छपाईच्या ठिपक्यांच्या आत काहीही नसतं. मोठं केलं की ठिपके मोठे होतात, एवढंच.

स्कॅन करताना स्कॅनरमधल्या सगळ्या 'सुधारणा' बंद करा. शार्पनिंग (कडा धारदार करणं), धूळ काढणं, आपोआप काँट्रास्ट, सगळं बंद. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्ये, १६ बिटमध्ये स्कॅन करा आणि टिफ म्हणून ठेवा. जेपेग ८ बाय ८ पिक्सेलांचे चौकोन धरून तपशील दाबतं आणि अडीच मिलिमीटरच्या बिल्ल्यावर तेच चौकोन नक्षीसारखे दिसायला लागतात.

रंगीत स्कॅनचा आग्रह यासाठी. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो, त्यांना चॅनेल म्हणतात. फिकट पडून पिवळसर झालेल्या प्रिंटमध्ये जो अंश उरलेला असतो तो निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात ठळक दिसतो, कारण पिवळा रंग निळा प्रकाश अडवतो. उलट, कार्डावर चहासारखे पिवळे-तपकिरी डाग असतील तर ते निळ्यात भडक होतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. त्यामुळे तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडून बघायची सवय लावा. कित्येकदा एवढ्यानेच काम भागतं आणि पुढच्या कसरतींची गरजच उरत नाही.

कागद खरबरीत किंवा जाळीदार पोताचा असेल तर स्कॅनरचा एका बाजूने येणारा दिवा त्या पोताच्या सावल्या पाडतो आणि सावल्या बिल्ल्यात मिसळतात. यावर साधा उपाय आहे. कार्ड एकदा सरळ ठेवून स्कॅन करा, एकदा उलटं फिरवून, म्हणजे १८० अंशांत. दुसरी प्रतिमा सरळ करून पहिलीवर बसवा आणि दोन्हींची सरासरी घ्या. पोताच्या सावल्या दोन्हींत विरुद्ध दिशेला पडलेल्या असल्याने बऱ्याच अंशी एकमेकींना मारतात, चित्र मात्र जागच्या जागी राहतं. कडांना चंदेरी झाक आली असेल आणि ती चमकत असेल तर स्कॅनरऐवजी कॅमेरा वापरा. दोन्ही बाजूंच्या दिव्यांवर पोलरायझर (चकाकी अडवायला वापरतात ते फिल्टर) लावा, भिंगावर त्यांना आडवा पोलरायझर लावा, झाक मरते.

एवढं झाल्यावर सगळे थेट बिल्ल्यावर तुटून पडतात. तुम्ही तसं करू नका. आधी हे पक्कं करा की फोटो उलट तर नाही ना, म्हणजे डावं-उजवं बदललेलं नाही ना. डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे जुने फोटो) आणि लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप मुळातच आरशासारखे उलटे असतात. अमेरिकेतला कुख्यात बंदूकबाज बिली द किड याच्या टिनटाइपवरून तो डावखुरा होता अशी समजूत कित्येक वर्षं टिकली, ती यामुळेच. कागदी प्रिंटही निगेटिव्ह पालथी ठेवली गेली तर उलटा निघतो. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते, ब्रिटिश पदकं डाव्या छातीवर असतात. या दोन खुणा जुळल्या की पुढे जा.

डाव्या-उजव्याला इतकं महत्त्व का, ते तुमच्याच फोटोत दिसतं. ब्रिटिश गणवेशात दंडावरच्या, टोक खाली असलेल्या फिती हुद्दा सांगतात: एक लान्स कॉर्पोरल, दोन कॉर्पोरल, तीन सार्जंट. मनगटाजवळ, टोक वर असलेल्या फिती डाव्या बाहीवर असतील तर त्या चांगल्या वर्तणुकीच्या. उजव्या बाहीवर असतील तर त्या परदेशातल्या युद्धसेवेच्या, आणि त्या १९१८ च्या सुरुवातीपासून मिळायला लागल्या. डाव्या मनगटाजवळची उभी सोनेरी पट्टी जखमी झाल्याची खूण, ती १९१६ पासूनची. म्हणजे बिल्ल्याचा एक पिक्सेलही न वाचता तुमचा फोटो १९१८ च्या आधीचा नाही हे ठरलं. जागा आणि दिशा या दोन गोष्टी धूसर फोटोतही टिकतात, म्हणून मी नेहमी त्यांच्यापासून सुरुवात करतो.

आता रंगछटा. या भागात माझ्या हातून सगळ्यात जास्त चुका झाल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्या काळातल्या बहुतेक स्टुडिओंमधल्या प्लेटांना, म्हणजे कॅमेऱ्यात घालायच्या काचेच्या निगेटिव्हना, लाल रंग दिसतच नसे. जुन्या प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जाग्या होत. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्यं मिसळून प्लेटांना हिरव्या-पिवळ्याचीही जाण देता येते हे दाखवलं, त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. लालासकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून बाजारात होत्या, पण त्या पूर्ण अंधारात हाताळाव्या लागत, म्हणून साध्या स्टुडिओंनी जुन्याच प्लेटा बराच काळ वापरल्या. परिणाम असा की लाल जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट, कधी कधी पांढऱ्याच्या जवळ. आपला डोळा याच्या नेमकं उलट वाचतो, कारण गडद निळा आणि उजळ लाल अशी आपल्याला सवय असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याच्या फोटोत मला रिबन दिसली: कडा फिकट, मध्य गडद. मी ठामपणे मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक सांगितलं, कारण त्याची रिबन पांढरी-जांभळी-पांढरी असते. त्या कुटुंबाने तसं पदक शोधायला सुरुवातही केली. नंतर पुन्हा एकदा फोटो काढून बसलो आणि पट्ट्यांची रुंदी मोजली. मिलिटरी क्रॉसचे तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे असतात. इथे कडा बारीक होत्या आणि मधला भाग रुंद. ती रिबन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर या दुसऱ्याच सन्मानाची होती, लाल आणि कडेला निळी. लाल काळवंडला होता, निळा फिका पडला होता. त्या लोकांना चूक कळवताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून छटेवर बोलण्याआधी रुंदी मोजतो, आणि रुंदी पिक्सेलांत लिहून ठेवतो.

जर्मन फोटोंमध्ये हाच सापळा आयर्न क्रॉस या पदकाच्या रिबनीत आहे. १९१४ ची रिबन काळी, कडेजवळ पांढरे पट्टे. १९३९ ची मध्ये लाल, दोन्ही बाजूंना पांढरा आणि कडेला काळा. लाल न दिसणाऱ्या फिल्मवर दोन्ही रिबनी गडद मध्य आणि पांढरे पट्टे अशाच दिसतात.

प्लेट कुठल्या जातीची हे ओळखायला फोटोतलीच खात्रीची रंगछटा शोधा. ओठ फार काळे दिसतात का? चेहऱ्यावर डाग-तीळ जास्त उठून आलेत का? हलके डोळे काचेसारखे पांढरे दिसतात का? असं असेल तर लाल न दिसणारी प्लेट धरून चाला. फोटो हाताने रंगवलेला असेल तर मात्र त्या रंगावर अजिबात विसंबू नका. रंगवणाऱ्याने तो गणवेश पाहिलेला असेलच असं नाही.

आता तुमच्या तीन फितींकडे परत या. त्या तीन फिकट दिसतात, म्हणजे निळ्या असाव्यात. पण १९१४ संपण्यापूर्वी परदेशी सेवेला गेलेल्याची पहिली फीत लाल असे आणि ती सगळ्यात खाली लावत. पुढे सेवेच्या प्रत्येक बारा महिन्यांना एक निळी. खाकीवर लाल फीत ऑर्थोक्रोमॅटिक (थोडक्यात ऑर्थो) प्लेटवर गडदावर गडद अशी बुडून जाते. तेव्हा खालच्या फितीच्या खाली, तेवढ्याच अंतरावर, बाहीचा तुकडा नीट बघा. सावल्यांचा भाग तेवढाच उजळवा, बाकी चित्र पांढरं फटक पडलं तरी चालेल. कापडाच्या विणीत खंड पडलेला दिसला किंवा व्ही आकाराची कड जाणवली तर तिथे चौथी फीत आहे, आणि माणूस १९१४ लाच बाहेर पडलेला आहे.

याला छातीवरच्या रिबनीने दुजोरा मिळू शकतो. '१९१४ चा स्टार' या पदकाची रिबन लाल, पांढरी, निळी अशी एकमेकांत विरघळत जाणारी असते आणि लाल बाजू छातीच्या मध्याकडे. ऑर्थो प्लेटवर ती मध्याकडे काळी आणि बाहेर फिकट होत जाते, मध्ये स्पष्ट रेघ नसते. एक अडचण ध्यानात ठेवा: '१९१४-१५ चा स्टार' या वेगळ्या पदकाची रिबन हुबेहूब तीच आहे. म्हणून एकटी रिबन पुरेशी नाही, पण लाल फीत आणि ही रिबन दोन्ही मिळाली तर दावा बराच भक्कम होतो. दुसऱ्या रिबनीत मध्यावर बारीक उभ्या रेघांचा जुडगा आणि दोन्ही बाजूंना रुंद एकरंगी भाग दिसला तर मिलिटरी मेडल या शौर्यपदकाचा विचार करा. ते १९१६ मध्ये सुरू झालं. त्याचा गडद निळा प्लेटवर अपेक्षेपेक्षा फिका आलेला असेल.

आणि आता बिल्ला. चांदणीसारखा आकार ही माहिती मोलाची आहे, पण तेवढ्याने काम होत नाही. आर्मी सर्व्हिस कोअर (रसद-वाहतूक सांभाळणारं दल) आणि डेव्हनशायर, चेशायर, वूस्टरशायर, कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणी, सगळ्यांच्या बिल्ल्यात तारा आहे. इथे लोक फोटो आणखी मोठा करत जातात. मी उलट करतो. फोटो आहे तिथेच ठेवतो आणि संशयित बिल्ले लहान करतो. प्रत्येक बिल्ल्याचं समोरून टिपलेलं चांगलं छायाचित्र घ्यायचं, कृष्णधवल करायचं, फोटोतल्या बिल्ल्याइतक्याच पिक्सेलांवर आणायचं, तेवढंच धूसर करायचं, आणि नाकाची सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते बघून प्रकाशही त्याच बाजूने असलेलं छायाचित्र निवडायचं. टोपी थोडी तिरकी असेल तर तेवढा तिरकेपणाही द्यायचा. मग सगळे एका रांगेत ठेवून मूळ ठिपका त्यांच्या मध्ये बसवायचा. जो बिल्ला धूसर होऊन मूळ ठिपक्यासारखाच दिसतो, तोच उमेदवार. दोन सारखेच दिसले तर दोघांचीही नावं लिहायची. ही पद्धत मेहनतीची आहे, पण तिने मला कधी खोटी रेघ दाखवलेली नाही.

तुलना करताना आतल्या नक्षीपेक्षा बाह्यरेषा बघा. तारा उंच आहे की रुंदी-उंची सारखी? वूस्टरशायरचा तारा उभा लांबट असतो. माथ्यावर मुकुटाचा उंचवटा आहे का? सर्व्हिस कोअर आणि डेव्हनशायर दोघांनाही आहे, कोल्डस्ट्रीमच्या ताऱ्याला नाही. पितळ चकाकलं की पांढरा भाग फुगतो आणि टोकं बोथट होतात, हेही मनात धरा. मुकुटाचा घाट दिसला तर काळही कळतो: १९०२ च्या सुमारापासून १९५० च्या दशकापर्यंत त्याचा माथा घुमटासारखा गोल असे, दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळात मध्ये खोलगट झाला. भारतीय सैन्यात १९५० नंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली, तिथे बाह्यरेषाच बदलते.

बिल्ल्यावर अडलात तर खांद्याकडे जा. खांद्याच्या पट्टीच्या टोकाला पितळी अक्षरं असतात. ती वाचता आली नाहीत तरी त्यांची लांबी मोजता येते. सर्व्हिस कोअरची तीन अक्षरं आणि 'डेव्हन'ची इंग्रजीत पाच, हा फरक धूसर पट्टीतही कळतो. खांद्याचा कोन कॅमेऱ्याकडे कसा वळला आहे ते बघून दोन्ही खांदे मोजा. बुटांना काटेरी स्पर आहेत का, छातीवरून तिरपा चामडी काडतूसपट्टा गेला आहे का, हेही बघा. घोड्यांशी काम असलेल्याच्या अंगावर हे असतं, पायदळातल्या साध्या शिपायाच्या सहसा नसतं. स्टुडिओत कधी कधी वस्तू उसन्या असत, पण बाहीवर शिवलेली फीत सहसा उसनी घेत नसत.

शार्पनिंग अगदी शेवटी, आणि वेगळ्या प्रतीवर. ते कडेला खोटी पांढरी किनार उभी करतं आणि गोल बिल्ल्याला कंकण चढवतं. मी दोन फाइली ठेवतो. एक अस्पर्श स्कॅन. दुसरी कामाची, तिच्यासोबत एका ओळीत काय काय केलं याची नोंद: कुठला चॅनेल, किती वाढवला, सावल्या किती उजळवल्या. शेजारी दोन रकाने, एकात 'दिसतं', दुसऱ्यात 'वाटतं'. तुमच्या फोटोत आत्ता 'दिसतं' खाली तारा, उजव्या बाहीवरच्या तीन फिकट फिती, दोन रिबनी. 'वाटतं' खाली अजून काहीच लिहू नका.

पुढचा स्कॅन बिल्ल्याचा नको. उजव्या बाहीचा, मनगटापासून कोपरापर्यंतचा तुकडा १२०० डीपीआयला घ्या, तिन्ही चॅनेल वेगळे ठेवा आणि खालच्या फितीखालचं कापड बघा. त्यानंतर दोन्ही खांदे. कार्डाची मागची बाजूही स्कॅन करा. तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीचा क्रमांक असू शकतो, आणि तो अडीच मिलिमीटरचा नसतो.